दीड वाजताची पाळी

गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही. एक तर गावाला जात होतो, आणि जात नव्हतो तेव्हा फ्रंट-एंड शिकत होतो. हो, बरोबर वाचलंत. तेरा वर्षं जावा आणि डेटाबेसच्या तळघरात काढलेला माणूस वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बटणं आणि रकाने मांडायला बसला. ऑफिसात यथेच्छ चेष्टा झाली. आम्हा बॅक-एंडवाल्यांचा एक जुना समज असतो, की पडद्यामागचं ते खरं काम, आणि पडद्यावरची नुसती रंगरंगोटी. माझाही होता. तो कसा उतरला आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला कशी मोजावी लागली, ते आज लिहायचंय.

नमनाला थोडं तेल लागेल, चालवून घ्या.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. जिल्हा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर, म्हणजे बोलताना अजूनही नगर. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि प्रत्येकाचं पाण्याचं दुखणं वेगळं. आमचं दुखणं म्हणजे मुळा उजवा कालवा. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण आहे, साठवण २६ टीएमसी. तिथून उजवा कालवा निघतो. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून मायनर, मायनरमधून चारी, आणि चारीतून एकेकाच्या रानात पाणी शिरतं. आमची चारी पार शेवटाकडची. त्यामुळे धरणात किती पाणी आहे हे टीव्हीवर कळतं, पण ते आपल्या बांधापर्यंत नक्की किती वाजता पोचणार हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात, आणि आवर्तन आलं की चारीवरच्या सगळ्यांना ज्या क्रमानं पाणी मिळतं ती शेजपाळी. आमच्याकडे ही शेजपाळी पाणी वापर संस्था लावते, आणि संस्थेचे सचिव आमचे आबा. (पद मानाचं, मानधन नावापुरतं, शिव्या भरपूर.) शेतकऱ्यांच्या अशा संस्थांसाठी राज्यात २००५ साली वेगळा कायदा झाला, पण आमच्या भागाला त्याची फारशी नवलाई नव्हती. महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या पाणी वापर संस्थांपैकी एक, दत्त पाणी वापर संस्था, याच मुळा कालव्याच्या सात नंबर मायनरवर १९८०च्या दशकाच्या अखेरीला उभी राहिली होती.

आबांकडे एक लांबट रजिस्टर आहे, लाल कापडी बांधणीचं. आमच्या चारीवर तेवीस खाती, एकूण एक्केचाळीस एकर. एकरी तीन तास पाणी. म्हणजे गुंठ्याला साडेचार मिनिटं. सगळी चारी भिजायला पाच दिवस आणि वर तीन तास. पाणी रात्रंदिवस चालू असतं, त्यामुळे कुणाची पाळी दुपारी दोनला येते, कुणाची रात्री दोनला. आणि क्रम शेवटाकडून वर, टेल टू हेड. आधी शेवटच्याला, मग वरच्याला. नाहीतर वरचे लोक भरपेट पितात आणि शेवटच्याच्या तोंडाला पानं पुसली जातात, हे आबांच्या पिढीनं पुरेसं बघितलंय.

आता आवर्तनातले पाच दिवस आमच्या घरी काय होतं? आबांचा फोन दर पंधरा मिनिटांनी वाजतो. "सचिव, माझी पाळी कधी?" रात्री अकराला वाजतो, तीनला वाजतो. आबा सदुसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आई म्हणते, "आवर्तन आलं की या माणसाला उभ्यानं जेवावं लागतं." गेल्या दिवाळीत मी म्हटलं, हे काय, एक साधं पान करून देतो. ज्याला त्याला मोबाईलवर आपली पाळी दिसेल. तुम्ही फक्त चारीत पाणी लागायची वेळ टाकायची, बाकी सगळं पान सांगेल. तुम्ही झोपा.

आबा म्हणाले, "कर की." आबांचा "कर की" हा फार धोक्याचा शब्द आहे, त्यात होकार असतो पण खात्री नसते.

सर्व्हर आणि डेटाबेसचं काम मी एका संध्याकाळी उरकलं. पानाशी आलो आणि अडलो. मला येत होतं ते जेक्वेरी, ते पण कॉलेजातलं. त्या पद्धतीत आपण पानाला एकेक गोष्ट सांगत बसतो. अमुक रकाना शोध, त्यातला मजकूर बदल, तमुक ओळ लपव. तेवीस ओळी, प्रत्येकीत चार रकाने, आणि एक वेळ बदलली की सगळं बदलायचं. दोन तासात माझंच मला कळेना की कुठला रकाना कोण बदलतंय. तेव्हा ऑफिसातल्या फ्रंट-एंडच्या पोरांना शरण गेलो. पोरं म्हणाली, रिॲक्ट शिका सर. व्ह्यू सोपं आहे, अँग्युलर मोठ्या कामाला बरं, पण अडलात तर आमच्यापैकी कुणीही सांगेल असं रिॲक्टच.

रिॲक्ट ही फेसबुकमधली चीज. जॉर्डन वॉक नावाच्या इंजिनिअरनं बनवलेली, २०११ मधे त्यांच्या न्यूज फीडवर लागली आणि मे २०१३ मधे सगळ्या जगासाठी खुली झाली. मूळ कल्पना एका ओळीत सांगता येते. पानाला बदल सांगत बसू नका. माहिती अशी असेल तर पान कसं दिसावं, एवढंच लिहा. माहिती बदलली की पान पुन्हा काढायचं काम आमचं. आणि पान एकसंध लिहू नका, त्याचे सुटे सुटे भाग करा. हे भाग म्हणजे कंपोनंट.

पहिल्याच शनिवारी पहिली ठेच. जुन्या एका व्हिडिओत सांगितलेल्या पद्धतीनं प्रोजेक्ट सुरू करायला गेलो, तर कळलं की ते 'क्रिएट रिॲक्ट ॲप' नावाचं साधन नव्या प्रोजेक्टसाठी फेब्रुवारी २०२५ मधेच निवृत्त झालंय. आता बरीच मंडळी 'व्हीट' वापरतात. तुम्ही शिकायला बसणार असाल तर एवढं माझं ऐका, व्हिडिओची तारीख बघा. २०१९च्या आधीचं शिक्षण असेल तर त्यात क्लास लिहायला लावतात, कारण हुक्स फेब्रुवारी २०१९ मधे आले. आता सगळं साध्या फंक्शनांत लिहितात. त्यापेक्षा सरळ रिॲक्टच्या अधिकृत पानांवरचा धडा घ्या. त्यात आपला फुल्ली-गोळा बनवायला शिकवतात. मी बनवला. मुलीला खेळायला दिला. तिनं मला तीन वेळा हरवलं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला याचे पैसे मिळतात?"

त्याच पानांवर 'थिंकिंग इन रिॲक्ट' नावाचं एक प्रकरण आहे. कामाची सुरुवात कशी करायची याच्या पाच पायऱ्या त्यात दिल्यात. पहिली पायरी, पानाचं चित्र घ्या आणि त्यावर चौकोन काढा. जो भाग एक काम करतो, तो एक कंपोनंट. मी आबांच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला, प्रिंट घेतली आणि पेन्सिलीनं चौकोन मारायला लागलो. सगळ्यात बाहेरचा चौकोन म्हणजे चारी. आत वरच्या बाजूला शीर्षक, म्हणजे आवर्तन कुठलं, पाणी कधी लागलं. खाली यादी. यादीत तेवीस ओळी, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक पाळी. पाळी नावाचा कंपोनंट एकदाच लिहायचा, तेवीस वेळा वापरायचा. नाव आणि गुंठे बाहेरून द्यायचे. काय मजा वाटली म्हणून सांगू. शाळेत रांगोळीचा एक ठिपका जमला की पुढचे जमतात, तसं.

दुसरी पायरी, आधी न हलणारं पान करा. खोटी माहिती भरून नुसतं दिसू द्या. हे मला आधी बाळबोध वाटलं, पण ती पायरी गाळू नका. अर्धे प्रश्न तिथंच सुटतात. माझा एक तिथंच सापडला. यादीतल्या प्रत्येक ओळीला रिॲक्ट एक 'की' मागतं, म्हणजे ओळख. मी आळस करून ओळीचा अनुक्रमांक दिला. पहिली, दुसरी, तिसरी. मग 'भरणं झालं' अशी खूण करायची सोय केली, एका नावापुढं खूण केली, आणि यादी उलटी करून बघितली, टेल टू हेड. खूण माणसाबरोबर गेलीच नाही! ती तिसऱ्या जागेवर होती, तिसऱ्या जागेवरच राहिली, तिथं आता दुसराच इसम. म्हणजे पाणी न मिळालेल्या माणसाचं भरणं झालेलं. गावात यावरून डोकी फुटली असती. आबांना सांगितलं तर ते हसायला लागले. आमच्या चारीवर एकाच नावाचे, बापाचंही नाव एकच असलेले दोन शेतकरी आहेत. आबा म्हणाले, "म्हणून तर खातं नंबर लिहितो मी. नावावर काय जातोस, आणि नंबरावर तर मुळीच नको, तो दर आवर्तनाला फिरतो." खातं नंबर 'की' म्हणून दिला, काम झालं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कंपोनंटला माहिती दोन ठिकाणांहून मिळते. एक, वरच्या कंपोनंटनं खाली दिलेली, तिला प्रॉप्स म्हणतात. दुसरी, त्यानं स्वतःजवळ लक्षात ठेवलेली, ती स्टेट. माहिती वरून खाली वाहते, खालचा वरच्याची माहिती परस्पर बदलू शकत नाही. खालच्याला काही हवं असेल तर वरच्यानं त्याला एक फंक्शन दिलेलं असतं, ते हाक मारायला वापरायचं. पुस्तकात हे वाचताना इतर लोक म्हणे गोंधळतात. मी कालव्याच्या गावचा, मला एका मिनिटात समजलं. पाणी धरणातून चारीकडे येतं, चारीतून धरणाकडे जात नाही. चारीवरून वर जातो तो कागद, पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज. अर्ज वर, पाणी खाली. झालं! इतकं आवडलं मला हे की दोन मित्रांना फोन करून ऐकवलं. :)

आणि समजलं म्हणेपर्यंत माती खाल्ली.

तिसरी पायरी अशी आहे की कमीत कमी काय लक्षात ठेवावं लागेल ते शोधा. एखादी गोष्ट बदलतच नसेल, तर ती स्टेट नाही. वरून मिळत असेल, तर नाही. आणि आपल्याजवळ आहे त्यावरून हिशोब करून काढता येत असेल, तरी नाही. मी हे वाचलं, मान डोलावली आणि पुढं गेलो. कारण माझ्या डोक्यात एक सोय होती. आमच्याकडे लोक आपसात पाळ्या बदलतात. एकाच्या घरी लग्न असतं, एकाला बाजारात कांदा घेऊन घोडेगावला जायचं असतं. मग पाळीच्या ओळीत वेळ हातानं बदलता यायला हवी ना? म्हणून वरून आलेली वेळ मी प्रत्येक पाळीच्या स्वतःच्या स्टेटमधे उतरवून ठेवली. प्रत्येक ओळ आपली वेळ आपल्या खिशात ठेवून बसली.

आबांचं रजिस्टर मी तेव्हा शंभर वेळा बघितलं होतं. त्यात पाळीच्या वेळेचा रकानाच नाही. वर एकदा, चारीत पाणी लागल्याची तारीख आणि वेळ. खाली खातं नंबर, नाव, गुंठे. बस्स. कुणी विचारलं की आबा रजिस्टर उघडतात, बोटांवर मोजतात आणि वेळ सांगतात. मला वाटायचं आळस आहे. म्हटलं, एकदा लिहून ठेवलं असतं तर इतके फोन आले असते का?

मी पान भरपूर तपासलं. पाणी लागायची वेळ बदलायची, पान रिफ्रेश करायचं, सगळ्या पाळ्या बरोबर. पुन्हा बदलायची, पुन्हा रिफ्रेश, पुन्हा बरोबर. हे रिफ्रेश लक्षात ठेवा.

जानेवारीत रब्बीचं आवर्तन आलं. आमच्या चारीत संध्याकाळी सहाला पाणी लागणार असा निरोप होता. आबांनी ते टाकलं. दुपारी चारपासून लोकांनी पान उघडलं, व्हॉट्सॲपवर अंगठे आले, मी पुण्यात बसून खूष. पाच वाजता पाटकऱ्याचा फोन आला, वर कुठंतरी भराव खचलाय, रात्री अकरा धरा. हे काही नवीन नाही, पाणी वेळेवर आलं तर लोकांना शंका येते. आबांनी वेळ बदलून अकरा केली. सगळ्यांची पानं दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारतात, त्यामुळे सगळ्यांना नवीन वेळ पोचली.

शेवटाकडून पहिलं खातं साठ गुंठ्यांचं, दुसरं चाळीसचं, तिसरं आमच्या तात्यांचं. तात्या आबांचे थोरले चुलतभाऊ, वय त्र्याहत्तर, रान दोन एकर, त्यात गहू. पहिल्या दोघांचे मिळून साडेसात तास. सहाला पाणी लागलं असतं तर तात्यांची पाळी रात्री दीडला होती. अकराला लागणार म्हणजे सकाळी साडेसहाला. पहिल्या दोघांना आबांनी स्वतः फोन करून सांगितलं, कारण त्यांची गडबड होती. पूर्वीची पद्धत असती तर तात्यांनाही केला असता. या वेळी केला नाही. म्हणाले, पान आहे की.

सकाळी सातला मला आबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"तात्या रात्री एकपासून चारीवर बसून होते."

नेवाशात जानेवारीतल्या रात्री काय थंडी असते ते तिकडच्याच माणसाला माहीत. आणि दोन्ही बाजूला ऊस. गेली काही वर्षं बिबट्याच्या धास्तीनं रात्री एकटं-दुकटं कुणी रानात जात नाही, दोघं-तिघं मिळून बॅटऱ्या घेऊन जातात. तात्या एकटे गेले, कारण बाकी कुणाला जायचंच नव्हतं. बाकीच्यांना माहीत होतं की पाणी अजून वरच्यांचं चाललंय. घोंगडी पांघरून, हातात फावडं, कोरड्या दारापाशी साडेपाच तास. फोनची बॅटरी मधेच संपली. सहाला आबा बघायला गेले तेव्हा ते लिंबाखाली बसलेले सापडले.

मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? जे आपण सगळे बोलतो तेच. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय." आणि खरंच दिसत होतं. पान उघडलं, तात्या, साडेसहा. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी तात्यांचा फोन चार्जिंगला लावून सुरू केला आणि त्याचा फोटो काढून पाठवला. वर शीर्षकात, पाणी लागण्याची वेळ रात्री ११. खाली तात्यांच्या नावापुढं, १:३०.

एकाच पानावर दोन खरं. मला पोटात गोळा आला, कारण बघताक्षणी कळलं.

रिॲक्टमधे स्टेट सुरू करताना जी किंमत देता ती फक्त पहिल्या वेळची. कंपोनंट पहिल्यांदा पानावर आला तेव्हा वरून जे आलं ते त्यानं खिशात टाकलं. नंतर वरून नवीन किंमत आली, तरी खिशातली जुनीच राहते. त्यात चूक रिॲक्टची नाही, लक्षात ठेव म्हटलंत, त्यानं ठेवलं. ज्यांनी पान पाचनंतर उघडलं त्यांच्या ओळी नव्यानं तयार झाल्या, त्यांना बरोबर वेळ दिसली. तात्यांनी चारला उघडून ठेवलं होतं, बंदच केलं नाही. शीर्षक वरून आलेली वेळ जशीच्या तशी दाखवत होतं, ते बदललं. ओळ आपल्या खिशातली दाखवत बसली. आणि मी तपासताना प्रत्येक वेळी रिफ्रेश करत होतो, म्हणजे दर वेळी ओळ नवीन जन्माला घालत होतो. हा दोष मला दिसणं शक्यच नव्हतं.

ही नवशिक्यांची इतकी ठरलेली चूक आहे की ऑफिसातल्या पोरानं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "प्रॉप स्टेटमधे कॉपी केलं ना सर?" त्याच्या आवाजात तुच्छता नव्हती, त्यानंही कधीतरी केलं असणार. फक्त त्याच्या चुकीत कुणाची तरी शॉपिंगची यादी चुकली असेल.

दुरुस्ती म्हणजे चार ओळी खोडणं. पाळीचं स्टेट काढून टाकलं. आता ओळ काहीच लक्षात ठेवत नाही. वर पाणी लागल्याची वेळ एकच, आणि खात्यांचा क्रम एकच. आपल्या आधीच्या सगळ्यांचे गुंठे बेरीज करायचे, साडेचारनं गुणायचे, वेळेत मिळवायचे. दर वेळी नव्यानं. मग पाळी बदलण्याचं काय? तर वेळ बदलायचीच नाही, क्रम बदलायचा. ओळ वरच्या कंपोनंटला हाक मारते, आमची अदलाबदल करा म्हणून, आणि वरचा यादीत दोन खाती इकडची तिकडे करतो. अर्ज वर, पाणी खाली. ज्या गोष्टीवर मी मित्रांना फोन करून भाषण दिलं होतं, तीच मी माझ्या पानात मोडली होती. प्रत्येक रानात एकेक छोटं धरण बांधून ठेवलं होतं, आणि त्यातलं पाणी शिळं होतं.

आणखी एक ओळ घातली, सगळ्यात वर, ठळक. "ही माहिती अमुक वाजता घेतली." कारण रानात रेंज जाते, आणि तेव्हा पान जुनंच दाखवत राहणार. निदान जुनं आहे हे तरी त्यानं सांगावं.

शनिवारी पहाटे निघालो. शिक्रापूरला नेहमीची गर्दी लागली, नगरला चहा घेतला, नेवासा फाट्यावरून आत वळलो आणि घरी न जाता थेट तात्यांकडे. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो. तात्या ओट्यावर ऊन खात बसले होते, मफलर, खोकला. मी पाया पडलो आणि म्हणालो, "तात्या, माझ्यामुळं झालं. पान चुकलं."

"आसू दे रं," तात्या म्हणाले. "गहू भिजला ना. येळ गेला थोडा."

थोड्या वेळानं मी न राहवून विचारलं, की वर अकरा लिहिलं होतं, ते दिसलं नाही का तुम्हाला. विचारलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"दिसलं की. पन माझ्या नावापुढं दीड व्हतं. मान्सानं आपल्या नावापुढचं वाचावं का दुसरं?" मग जरा थांबून म्हणाले, "आन म्हनलं, पोरानं कंप्युटरवर काढलंय. ते चुकायचं नाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तेरा वर्षं मी अशा प्रणालींवर काम केलंय जिथं माझी चूक कुठल्यातरी लॉगमधे लाल ओळ होऊन येते आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमधे तिची चर्चा होते. माझ्या आणि माणसाच्या मधे नेहमी कुणीतरी पडदा लिहीत होतं. शेवटच्या रकान्यात काय दिसतंय ते त्यांचं काम. त्या शेवटच्या रकान्यावर विश्वास ठेवून कुणीतरी घोंगडी घेऊन घराबाहेर पडतं, हे मला कधी सुचलंच नाही. रंगरंगोटी म्हणणं मी बंद केलंय.

संध्याकाळी आबांना विचारलं, तुम्ही रजिस्टरात पाळीची वेळ का लिहीत नाही? मला वाटलं काहीतरी तत्त्व वगैरे सांगतील. म्हणाले, "सुरुवातीला लिहायचो. पाणी उशिरा आलं की सगळी खाडाखोड. एकाची वेळ खोडायची राहून गेली आणि दोघं एकाच वेळी दारावर. कुदळी निघाल्या होत्या. तेव्हापासून वरचं एकच लिहितो. बाकी बोटं आहेत की." म्हणजे आबांनी ही चूक माझ्या जन्माच्या आसपास करून, निस्तरून, रजिस्टरातून काढूनही टाकली होती. मी फोटो काढून त्यावर चौकोन मारले, पण जो रकाना नव्हता तो का नाही, हे विचारलं नाही.

तुम्ही शिकायला बसणार असाल तर शेवटची एक सूचना. कंपोनंट लिहिताना हात आपोआप स्टेटकडे जातो, कारण लक्षात ठेवणं सोपं वाटतं. दर वेळी थांबा आणि विचारा, हे त्यानं लक्षात ठेवायलाच हवं का, की त्याला दर वेळी सांगितलं तरी चालेल? आणि तपासताना रिफ्रेश करू नका. पान उघडं ठेवा, चहा पिऊन या, वरची वेळ बदला, आणि मग बघा.

पुढचं आवर्तन मागच्या महिन्यात झालं. सहाचं पाणी आठला लागलं. मी घरीच होतो, तीन फोन उघडे ठेवून बसलो होतो. आबांनी आठ टाकले आणि पाच मिनिटांच्या आत तिन्ही फोनांवर सगळ्या पाळ्या एकदम सरकल्या. रात्री दहाला आबांचा फोन वाजला. तात्या होते.

"पानावर साडेतीन दावतंय. खरं हाय का?"

आबांनी पान उघडलं नाही. डोळे मिटून बोटं मोजली. साठ न् चाळीस शंभर गुंठे, साडेसात तास, आठ न् साडेसात.

"खरंय," म्हणाले. "झोपा आता. तीनला मी येतो, बरोबरच जाऊ."

त्या रात्री तेवीसपैकी नऊ जणांचे फोन आले. पूर्वी पन्नास तरी यायचे. आई म्हणते फरक पडलाय. तीनचा गजर मी पण लावला होता. तिघं मिळून गेलो.